ब्रश का अडतो? चित्रकाराच्या टेबलावरची एसएसडी

दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ मिळून एकच सलग चित्र करायचे ठरले, की ए-फोर आकाराच्या अंकासाठी चित्रकाराला ए-थ्री कॅनव्हास उघडावा लागतो. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले तर हा कॅनव्हास ४,९६१ बाय ३,५०८ पिक्सेलचा होतो, म्हणजे जवळजवळ १ कोटी ७४ लाख पिक्सेल. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे प्रत्येक पिक्सेलला चार बाइट लागतात. पूर्ण रंगवलेला एक लेयर सुमारे ७० एमबीचा झाला. आकाश, वाडा, पणत्या, माणसे, त्यांच्या सावल्या आणि वरून दिलेले उजेडाचे हात मिळून साठ लेयर भरले, तर हिशोब चार जीबीच्या पुढे जातो. रंगांचे हळुवार उतार तुटू नयेत म्हणून १६ बिटमध्ये काम केले तर तो दुप्पट होतो. शिवाय ‘मागे घ्या’ म्हटल्यावर मागे जाता यावे म्हणून फोटोशॉप शेवटच्या ५० पायऱ्या सांभाळत असते, ते वेगळेच.

आता संगणकात रॅम आठ जीबी. त्यातली काही विंडोजने घेतलेली, काही ब्राउझरने. मग ब्रश हाताच्या मागे राहू लागतो, झूम केले की चित्र तुकड्यातुकड्यांनी उमटते, आणि सेव्हची पट्टी पुढे सरकता सरकत नाही. अशा वेळी चित्रकार दुकानात जातो, सर्वांत वेगवान एसएसडी मागतो आणि खोक्यावरचा मोठा आकडा बघून पैसे मोजतो. घरी आल्यावर संगणक झटकन सुरू होतो खरा, पण ब्रश तिथल्या तिथेच अडतो.

असे होते, कारण खोक्यावरचा आकडा ज्या कामाचा वेग सांगतो ते काम चित्रकार दिवसभरात फारसे करत नाही.

चित्र काढताना संगणकाच्या पोटात काय चालते ते आधी पाहू. उघडलेले चित्र रॅममध्ये राहते. रॅम पुरेनाशी झाली की फोटोशॉप चित्राचे काही तुकडे आणि मागच्या पायऱ्या डिस्कवर एका तात्पुरत्या फाईलमध्ये नेऊन ठेवते. त्या जागेला स्क्रॅच डिस्क म्हणतात. क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम स्वॅप फाईल करते, आणि ती कोठे ठेवायची हे परफॉर्मन्सच्या पानावर सांगता येते. तुकडे असे जाऊ-येऊ लागले की चित्रकाराचा हात थेट डिस्कच्या वेगाला बांधला जातो. हे खरोखर घडते आहे का, हे फोटोशॉप स्वतःच सांगते. खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात फाईलची माहिती दिसते. तिथल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशियन्सी’ निवडावे. आकडा १०० टक्के असेल तर सगळे काम रॅममध्ये चालले आहे आणि नव्या एसएसडीने ब्रश इंचभरही हलका होणार नाही. तो खाली घसरत असेल तर काम डिस्कवर गेले आहे. नवी डिस्क घेण्याआधी आपल्या नेहमीच्या मोठ्या फाईलवर अर्धा तास काम करून हा आकडा बघावा. त्याला पैसे पडत नाहीत.

फ्लेक्स करणाऱ्यांचे प्रकरण आणखी मोठे असते. वीस बाय दहा फुटांचा फलक इंचाला १०० पिक्सेलने केला तर २४,००० बाय १२,००० पिक्सेल होतात आणि छपाईच्या चार रंगांत एकच लेयर सव्वा अकराशे एमबीच्या वर जातो. चाळीस फुटी होर्डिंग ७२ पिक्सेलने केले तरी लांबी ३४,५६० पिक्सेल भरते. फोटोशॉपचा नेहमीचा पीएसडी प्रकार ३०,००० पिक्सेल आणि दोन जीबी इथेच थांबतो. पुढे पीएसबी लागतो. या लोकांना वेगवान डिस्कचा खरा उपयोग आहे, पण त्यांनाही आधी रॅमच वाढवावी लागते. आज गंभीरपणे चित्र करणाऱ्याने १६ जीबीच्या खाली राहू नये, आणि मोठ्या छपाईचे काम असेल तर ३२ जीबी धरून चालावे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरची मागणी वाढली, तसे रॅम आणि फ्लॅश या दोहोंचे भाव चढले. त्यामुळे कोणत्या वस्तूवर किती खर्चायचे हा प्रश्न आता अधिकच टोचतो.

जुनी हार्ड डिस्क या कामात का हरते? तिच्यात चकती फिरते आणि वाचणारे टोक तिच्यावरून सरकते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या चकतीला एका फेरीला आठ मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. हवा तो तुकडा टोकाखाली येईपर्यंत थांबावेच लागते. सलग मोठी फाईल असेल तर ती सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी देते, पण हजार छोटे तुकडे हजार ठिकाणांहून आणायचे म्हटले की दमते. स्क्रॅच डिस्कचे काम बरेचसे असेच विखुरलेले असते. एसएसडीत फिरणारे काही नसते. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश मेमरीच्या बारीक पेशींत विद्युतभार साठवलेला असतो आणि कोणताही तुकडा जवळपास सारख्याच वेळात हाती येतो. हार्ड डिस्कवरून साध्यातल्या साध्या एसएसडीवर येणे हीच चित्रकाराच्या संगणकातली सर्वांत मोठी उडी आहे. त्यापुढच्या उड्या बऱ्याच लहान आहेत.

त्या उड्यांचे आकडे असे. साटा केबलवर चालणारी एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबते, कारण साटाची वाटच तेवढी रुंद. एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने जातात. तिसऱ्या पिढीच्या सुमारे ३,५००, चौथ्या पिढीच्या ७,००० च्या आसपास आणि पाचव्या पिढीच्या १४,००० एमबीपर्यंत पोचतात. साटावरून पाचव्या पिढीवर गेले म्हणजे वेग पंचवीसपट झाला, असे कागदावर दिसते.

एक जीबीची पीएसडी फाईल उघडताना मात्र तसे होत नाही. ती फाईल आवळून ठेवलेली असते. ती सोडवण्याचे, लेयर मांडण्याचे आणि पडद्यावर चित्र उभे करण्याचे काम प्रोसेसर करतो, आणि या कामात त्याचे सगळे कोअर एकदम राबत नाहीत. साटा एसएसडीने एक जीबी वाचायला दोन सेकंद घेतले आणि चौथ्या पिढीने सेकंदाचा सातवा भाग घेतला, तरी त्यानंतर प्रोसेसरला लागणारा वेळ दोघांनाही सारखाच. सेव्ह करतानाही तेच. म्हणूनच फोटोशॉपच्या फाईल हँडलिंगच्या सेटिंगमध्ये पीएसडी आणि पीएसबी न आवळता ठेवण्याची सोय आहे. ती चालू केली तर फाईल फुगते, पण सेव्ह लवकर होते. ज्यांच्याकडे वेगवान एसएसडी आणि भरपूर जागा आहे, त्यांनी हे करून पाहावे. डिस्कचा वेग खऱ्या अर्थाने हाताला लागतो तो इथे.

आता दुकानदार सहसा जे सांगत नाही त्याकडे वळू.

फ्लॅशच्या एका पेशीत किती बिट कोंबले आहेत, यावर एसएसडीचा स्वभाव ठरतो. एक बिट असेल तर पेशीत भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात. तीन बिटांना आठ पातळ्या लागतात, चार बिटांना सोळा. तीन बिटांच्या प्रकाराला टीएलसी म्हणतात आणि चार बिटांच्या प्रकाराला क्यूएलसी. पातळ्या जितक्या जास्त तितके लिहिणे नाजूक आणि सावकाश. पण तेवढ्याच सिलिकॉनमध्ये जास्त माल बसतो, म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते. हा संथपणा झाकण्यासाठी कंपन्या काही पेशी एकेक बिटाच्या पद्धतीने वापरतात. ट्रकमधला माल आधी दारातल्या ओट्यावर भराभर उतरवून घ्यावा आणि मग निवांतपणे गोदामात रचावा, तसे हे चालते. त्या ओट्याला कॅश म्हणतात. खोक्यावर छापलेला लिहिण्याचा वेग हा कॅशचा वेग असतो.

कॅश भरली की काय होते? सॅमसंगने आपल्या ८७० क्यूव्हीओ या क्यूएलसी मॉडेलसाठी हे आकडे स्वतःच प्रसिद्ध केले आहेत, त्याबद्दल त्या कंपनीचे कौतुक करायला हवे. एक टीबीच्या मॉडेलचा लिहिण्याचा वेग सेकंदाला ५३० एमबी आहे, कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी, आणि ती संपल्यावर वेग ८० एमबी. समजा, एखाद्या चित्रकाराने आपले २०० जीबीचे जुने काम या डिस्कवर उतरवायला घेतले. पहिले ४२ जीबी दीड मिनिटाच्या आत जातील. उरलेल्या १५८ जीबीला तेहतीस मिनिटे लागतील, म्हणजे बऱ्याच हार्ड डिस्कपेक्षाही सावकाश. आणखी एक गोष्ट आहे. त्या ४२ जीबीतले फक्त सहा जीबी कायमचे राखलेले आहेत. बाकीची कॅश रिकाम्या जागेतून उसनी घेतलेली असते. डिस्क काठोकाठ भरत गेली की ओटाही आक्रसत जातो. ‘पूर्वी छान चालायची, आता का अडते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. पाचवा हिस्सा जागा कायम मोकळी ठेवावी. एसएसडीला आतली आवराआवर करायलाही ती लागते.

क्यूएलसी वाईट, असा याचा अर्थ घेऊ नये. संदर्भाची छायाचित्रे, ब्रशचे संच, जुनी पूर्ण झालेली चित्रे अशा एकदा लिहून पुन्हापुन्हा वाचायच्या गोष्टींसाठी ती चांगली आहे. स्क्रॅच डिस्क आणि चालू काम मात्र टीएलसीवरच ठेवावे. अडचण अशी की पुष्कळ खोक्यांवर पेशीचा प्रकार छापलेलाच नसतो. तो कंपनीच्या माहितीपत्रकात शोधावा लागतो, आणि तिथेही नुसते ‘थ्रीडी नँड’ लिहिलेले असेल तर सावध व्हावे, कारण ते शब्द दोन्ही प्रकारांना लागू पडतात. २०२१ मध्ये काही नामांकित कंपन्यांनी मॉडेलचे नाव तेच ठेवून आतले भाग बदलल्याचे उघड झाले होते. क्रुशियलच्या पी-टू या मॉडेलमध्ये तर टीएलसीच्या जागी क्यूएलसी आली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वीची चाचणी वाचून आज डिस्क घेऊ नये. चाचणी वाचताना कॅश संपल्यानंतरचा आलेख आहे का, ते पाहावे. क्रिस्टलडिस्कमार्क या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा स्क्रीनशॉट तेवढ्यापुरता उपयोगी नाही. त्याची नेहमीची चाचणी फक्त एक जीबीची असते, जी कॅशमध्ये सहज मावते.

एसएसडीवर स्वतःची छोटी रॅम (डीरॅम) आहे की ती संगणकाच्या रॅममधला छोटा भाग उसना घेते, हाही फरक दुकानात चर्चेला येतो. डीरॅम असलेली डिस्क मोठ्या, विखुरलेल्या कामात अधिक स्थिर राहते. तरी बजेट ताणून केवळ तेवढ्यासाठी दुप्पट पैसे देऊ नयेत.

मग घ्यावे काय? मुखपृष्ठे, कथाचित्रे, कॉमिक्स, पोस्टर करणाऱ्या बहुतेकांसाठी चौथ्या पिढीची, टीएलसीची, एक किंवा दोन टीबीची एनव्हीएमई एसएसडी हे आजचे शहाणपणाचे उत्तर आहे. सॅमसंग ९९० प्रो किंवा डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स या त्याच वर्गातल्या. पाचव्या पिढीसाठी लागणारे जादा पैसे चित्रकाराने रॅममध्ये किंवा बॅकअपच्या डिस्कमध्ये घालावेत. तासन्‌तास मोठे व्हिडिओ कापणाऱ्याची गोष्ट वेगळी.

घेण्याआधी संगणक उघडून किंवा मदरबोर्डचे पुस्तक वाचून तीन गोष्टी तपासाव्यात. एम-टू नावाच्या खाचेत बसणारी प्रत्येक पट्टी एनव्हीएमई नसते. काही जुन्या खाचा फक्त साटाच घेतात. पट्टीची लांबी बहुधा ८० मिलिमीटर असते, पण काही छोट्या लॅपटॉपमध्ये तेवढी जागाच नसते. आणि चौथ्या पिढीची एसएसडी तिसऱ्या पिढीच्या खाचेत चालते, फक्त तिसऱ्या पिढीच्या वेगाने. जुना लॅपटॉप असेल तर त्यासाठी महागडी पट्टी घेण्यात अर्थ नाही.

उष्णतेचा विचार आपल्याकडे विशेष करायला हवा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४५ अंशांवर जाते आणि पंख्याखालच्या खोलीतला संगणकही तापलेलाच असतो. एसएसडीचा नियंत्रक ठरावीक तापमानाला पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. मदरबोर्डबरोबर आलेली धातूची पट्टी एसएसडीवर बसवावी, आणि बसवण्याआधी तिच्या आतल्या मऊ पॅडवरचा पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढावा. तो तसाच राहून गेल्याने डिस्क तापत राहिल्याची उदाहरणे दुरुस्तीवाल्यांना नवीन नाहीत. वीज जाण्याचा त्रास असलेल्या गावात यूपीएस हवाच. घरगुती एसएसडींमध्ये अचानक वीज गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करण्याइतका विद्युतसाठा सहसा नसतो.

दोन डिस्क घेता आल्या तर मांडणी सोपी होते. एकीवर विंडोज, सॉफ्टवेअर आणि स्क्रॅच. दुसरीवर चालू काम. एकच घेता येत असेल तरी बिघडत नाही, फक्त ती मोठी घ्यावी. ‘स्क्रॅच डिस्क फुल’ हा निरोप ऐन कामात आला आणि फोटोशॉप उघडेनासेच झाले, तर विंडोजवर सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरावे. स्क्रॅचची जागा बदलण्याची खिडकी समोर येते.

मॅक आणि आयपॅड वापरणाऱ्यांना घेतानाच ठरवावे लागते, कारण मॅकबुक आणि आयपॅडमध्ये साठवण नंतर बदलता येत नाही. अ‍ॅपलच्या एम-टू चिपच्या मॅकबुक एअरचे उदाहरण बोलके आहे. २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या २५६ जीबीच्या मॉडेलमध्ये फ्लॅशची एकच चिप होती, त्यामुळे त्याचा वाचण्याचा वेग आधीच्या एम-वन मॉडेलच्या जवळपास निम्म्यावर आला. नवी मशीन जुनीपेक्षा मागे पडली. ५१२ जीबीच्या मॉडेलला ही अडचण नव्हती.

बाहेरून जोडायची एसएसडी कामासाठी उत्तम, पण केबलकडे लक्ष हवे. फोनच्या चार्जरबरोबर आलेली टाइप-सी केबल दिसायला सारखीच असते. तिच्यातून डेटा मात्र बहुधा यूएसबी २ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला चाळीसेक एमबीने जातो. सेकंदाला हजार एमबी देणारी डिस्क त्या केबलवर रांगते. डिस्कबरोबर आलेलीच केबल वापरावी. आणि ऑनलाइन बाजारात कवडीमोलाने मिळणाऱ्या ‘१६ टीबी’ एसएसडीच्या वाटेला जाऊच नये. अशा डब्यांत छोटे मेमरी कार्ड बसवून संगणकाला खोटी क्षमता दाखवलेली असते. ठरावीक हद्दीपुढे लिहिलेले सगळे चित्र कचरा होते आणि हे बऱ्याच उशिरा कळते. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर घरबसल्या, बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि एचटूटेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने डिस्क एकदा पूर्ण भरून तपासावी.

सतत लिहिल्याने एसएसडी झिजते, हे खरे. पण ही भीती चित्रकाराने फार बाळगू नये. एक टीबीच्या ९९० प्रोला कंपनी ६०० टीबी लिहिण्याची किंवा पाच वर्षांची हमी देते. रोज १०० जीबी लिहिले तरी ६०० टीबी भरायला सोळा वर्षे लागतात. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडला की डिस्कचे आरोग्य टक्क्यांत दिसते.

खरी भीती वेगळी आहे. हार्ड डिस्क बिघडताना अनेकदा कुरकुरते, सावकाश होते, इशारा देते. एसएसडी पुष्कळदा एका क्षणी दिसायचीच बंद होते. चुकून फाईल पुसली गेली तरीही तेच. ट्रिम नावाच्या व्यवस्थेमुळे पुसलेल्या जागा लवकरच आतून साफ होतात आणि फाईल परत मिळवणारे प्रोग्राम हात टेकतात. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि सर्व्हरवरून चित्रपटाचा बहुतांश भाग पुसला जाऊ लागला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचे त्याच वेळी लक्षात आले. वाचवले ते तांत्रिक दिग्दर्शिका गॅलिन ससमन यांच्या घरच्या संगणकाने. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि चित्रपटाची एक प्रत तिथे होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत, तर एकट्याने काम करणाऱ्याने काय करावे? चालू कामाची रोज एक प्रत दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर, क्लाउडवर किंवा विश्वासू माणसाकडे ठेवावी. महिन्यातून एकदा त्या प्रतीतली एखादी फाईल उघडून पाहावी.

बॅकअपसाठी स्वस्त हार्ड डिस्क पुरते, आणि कपाटात ठेवण्यासाठी तीच बरी. एसएसडीतला विद्युतभार वीज नसताना हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने तिची लिहिण्याची हमी पूर्ण वापरली गेल्यानंतर, विजेशिवाय ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवावा अशी अपेक्षा आहे. नव्या डिस्कवर तो बराच अधिक टिकतो. तापमान वाढले की ही मुदत घटते, आणि आपल्याकडचे बंद कपाट उन्हाळ्यात ३० अंशांवर थांबत नाही. ज्यांची जुनी मुखपृष्ठे, कॉलेजातली कामे किंवा छापून झालेल्या पुस्तकांची मूळ चित्रे अशा एखाद्या न वापरलेल्या एसएसडीवर पडून आहेत, त्यांनी ती याच आठवड्यात संगणकाला जोडावी, फाईली उघडून पाहाव्यात आणि सगळे काम एका हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे.